अनोळखी प्रतिपक्षाशी वाद : समाजमाध्यमांवरील नैतिक व राजकीय चर्चेची एक चिकित्सा

प्रास्ताविक

समाजमाध्यमांवर अनोळखी व्यक्तींशी होणाऱ्या नैतिक व राजकीय वादांविषयी शिक्षित वर्गात, विशेषतः प्राध्यापकवर्गात, एक ठरावीक मत आढळते. हे वाद म्हणजे निव्वळ कालापव्यय. तेथे कोणाचेही मतपरिवर्तन होत नाही. भाषा असभ्य असते. समोरचा कोण हेही ठाऊक नसते. सबब शहाण्याने तिकडे फिरकू नये, असे या मताचे सार सांगता येईल. गमतीचा भाग असा की, हे मत बहुधा एखाद्या व्हॉट्सॲप समूहावरच, आणि तेही तेथील वाद हातघाईवर आल्यानंतर, व्यक्त केले जाते.

प्रस्तुत लेखात या मताची चिकित्सा करावयाची आहे. अनोळखीपणा, टोपणनाव आणि भाषेची धार या तीन गोष्टींना सामान्यतः दोष दिला जातो. या तिन्ही गोष्टी आधुनिक मराठी वादपरंपरेत प्रारंभापासून आहेत आणि त्यांच्यामुळे त्या परंपरेचे मोठेसे नुकसान झाल्याचे दिसत नाही. बिघाड अन्यत्र आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच अर्थाने पुन्हा मांडून दाखविण्याची जी जबाबदारी वाद करणाऱ्यावर असे, ती समाजमाध्यमांच्या रचनेत कोणावरच उरलेली नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

समुद्रकिनाऱ्यावरील अनोळखी माणसे

१८५७ च्या जानेवारीपासून मेपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर एक वाद चालला होता. एका बाजूस विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि दुसऱ्या बाजूस ख्रिस्ती मिशनरी, त्यांत प्रामुख्याने जॉर्ज बोवेन, असे त्याचे स्वरूप होते. विषय धर्माचा आणि नीतीचा. श्रोते म्हणजे किनाऱ्यावर जमलेला समुदाय. त्यांतील बहुतेकांची एकमेकांशी ओळख असण्याचे कारण नव्हते. शालेय शिक्षण फारसे नसलेला एक संन्यस्त वृत्तीचा मनुष्य आणि सातासमुद्रापलीकडून आलेला एक धर्मोपदेशक यांच्याइतके परस्परांना अपरिचित असे दोन वादी क्वचितच सापडतील. तरीही या वादाचे वृत्तांत दोन्ही बाजूंनी छापले गेले. बोवेन यांचा इंग्रजी वृत्तांत त्याच वर्षी आला आणि मराठीतील ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ बुवांच्या निधनानंतर, १८७२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही वृत्तांतांत आपापल्या बाजूची सरशी दाखविण्याचा मोह आहेच. परंतु प्रतिपक्षाचे आक्षेप छापल्याशिवाय आपली उत्तरे छापता येत नाहीत, एवढे बंधन दोघांवरही होते.

तो वाद सौम्य नव्हता. परधर्मावर व त्याच्या धर्मग्रंथांवर होणारी टीका आज कोणी त्याच शब्दांत समाजमाध्यमावर लिहिली, तर त्याच्यावर गुन्हा नोंदला जाण्याची शक्यता अधिक. मग त्या वादाला वाद का म्हणावयाचे? याचे एक कारण अगदी साधे, जवळजवळ भौतिक स्वरूपाचे आहे. किनाऱ्यावर एका वेळी एकानेच बोलणे शक्य होते, दुसऱ्याला ऐकून घ्यावे लागत होते आणि दिवस मावळला की सभा मोडणे भाग होते. पुन्हा भेट झाली की आधीच्या प्रश्नाचे काय झाले, हे विचारणारे चार लोक तेथे हजर असत.

टोपणनावाचेही असेच आहे. गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रातून जी शंभरावर पत्रे लिहिली, ती ‘लोकहितवादी’ या नावाने. आपल्याच समाजाच्या आळसावर व ढोंगावर इतके कठोर लिहिणारा हा गृहस्थ सरकारी नोकरीत होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १८८५ मध्ये बालविवाहाविरुद्ध ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने आलेली दोन पत्रे रखमाबाईंची होती. त्या वेळी त्यांच्याविरुद्ध नांदावयास जाण्याचा दावा न्यायालयात उभा होता. स्वतःच्या नावाने लिहिले असते तर पत्रातील युक्तिवादाऐवजी पत्रलेखिकेचे चारित्र्य हाच चर्चेचा विषय झाला असता. (पुढे नाव उघड झाल्यावर झालेही तसेच.) तेव्हा खोटे नाव घेणारा प्रत्येक जण भित्रा किंवा खोडसाळ असतो, हे गृहीतक टिकत नाही. खरे नाव लावण्याची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

भाषेच्या धारेविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. १८८८ मध्ये ‘सुधारक’ निघाल्यानंतर ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांनी एकमेकांविषयी काय काय लिहिले, हे मराठीच्या अभ्यासकांना विदित आहे. आगरकरांची तर जिवंतपणीच प्रेतयात्रा काढण्यात आली. सभ्यता हा त्या काळाचा विशेष होता, ही समजूत केवळ अंतरामुळे निर्माण झालेली आहे.

अननुभाषण

भारतीय वादशास्त्राचा निर्देश अशा चर्चेत अनेकदा अभिमानापोटी केला जातो आणि तेथेच सोडून दिला जातो. वाद, जल्प आणि वितंडा हे तीन शब्द सर्वांना माहीत असतात. सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प आणि स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचा केवळ खोडून काढणे ती वितंडा, अशी त्यांची विभागणीही सांगितली जाते. न्यायसूत्रांत वितंडेला सर्वस्वी त्याज्य मानलेले नाही, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. कोवळ्या अंकुराच्या रक्षणासाठी काट्यांचे कुंपण घालावे तसा जल्प-वितंडांचा उपयोग तेथे मान्य केलेला आहे. अर्थात कुंपण हे शेतासाठी असते. शेत नाहीसे होऊन नुसतेच कुंपण वाढत जावे, ही अवस्था सूत्रकारांना अभिप्रेत नसावी.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या विभागणीपेक्षा निग्रहस्थानांची यादी अधिक उपयुक्त आहे. निग्रहस्थान म्हणजे ज्या ठिकाणी वादी पराभूत झाला असे मानावयाचे ती जागा. न्यायसूत्रांत अशी बावीस स्थाने सांगितली आहेत आणि आजच्या मराठी समाजमाध्यमीय वादातील नेहमीची वाक्ये त्यांपैकी कोणत्या ना कोणत्या स्थानी सहज बसविता येतात. ‘तेव्हा कुठे होतात?’ हा प्रश्न घ्या. आपल्या पक्षावरील दोषाचे निराकरण न करता तोच दोष दुसऱ्याच्या पक्षातही आहे असे म्हणणे, म्हणजे मतानुज्ञा. असे म्हणणाऱ्याने आपल्यावरील आरोप मान्य केला असे शास्त्र समजते. समाजमाध्यमावर मात्र हेच वाक्य बिनतोड उत्तर म्हणून मिरविले जाते. ‘आधी अभ्यास वाढवा’ या लोकप्रिय वाक्याला तर निग्रहस्थानाचाही मान देता येणार नाही, कारण त्यात प्रतिपक्षाच्या विधानाला स्पर्शच नाही. एखाद्याच्या लिखाणाचा तुकडा छायाचित्रासारखा कापून फिरविणे, ज्याला आता सर्वजण ‘स्क्रीनशॉट’ म्हणतात, हा मात्र जुन्या वाक्छलाचा सरळ वंशज होय. वात्स्यायनाने छलाचे उदाहरण म्हणून ‘नवकंबल’ हा शब्द दिला आहे: बोलणाऱ्याला ‘नवी कांबळ असलेला’ असे म्हणावयाचे असते आणि प्रतिपक्षी ‘नऊ कांबळी असलेला’ असा अर्थ घेऊन, ‘याच्याजवळ एकच तर दिसते’ असे म्हणतो. तेथे निदान शब्द पूर्ण होता.

या यादीतील सर्वांत मार्मिक स्थान ‘अननुभाषण’ हे आहे. सभेला कळलेले आणि तीन वेळा उच्चारलेले प्रतिपक्षाचे विधान ज्याला पुन्हा म्हणून दाखविता येत नाही, तो पराभूत. ज्याला समोरच्याचे म्हणणे सांगताच येत नाही, त्याला ते खोडण्याचाही अधिकार नाही, हे यामागचे तत्त्व आहे. येथे सौजन्याची अपेक्षा नाही. प्रतिपक्षाविषयी आदर बाळगा असेही म्हटलेले नाही. केवळ त्याचे वाक्य त्याच्या अर्थाने पुन्हा उच्चारून दाखविण्याची अट आहे.

ही अट पाळून किती कठोर लिहिता येते, याचे अर्वाचीन उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘जातिनिर्मूलन’ या ग्रंथाच्या इतिहासात सापडते. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी तयार केलेले आणि कधीच न झालेले हे भाषण डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्वतः छापले. महात्मा गांधींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली. १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती काढताना डॉ. आंबेडकरांनी गांधींची टीका त्या ग्रंथातच समाविष्ट केली आणि तिच्यापुढे आपले उत्तर छापले. ते उत्तर अत्यंत तिखट आहे. परंतु आज कोणाही वाचकाला गांधींचे म्हणणे काय होते हे जाणण्यासाठी आंबेडकरांच्या सांगण्यावर विसंबावे लागत नाही. ते त्याच पुठ्ठ्यांच्या आत आहे. जो प्रतिपक्ष देशातील सर्वाधिक ऐकला जाणारा आवाज होता, त्यालाही आपल्या ग्रंथात जागा देण्यात जो आत्मविश्वास आहे, तो मतभेदाच्या शिष्टाचारातून येत नाही. आपला युक्तिवाद त्या शेजारालाही पुरून उरेल, या खात्रीतून तो येतो.

ऐकणारा कोण?

अननुभाषणाचा नियम चालण्यासाठी एक गोष्ट आवश्यक होती, ती म्हणजे सभा. विधान सभेला कळले आहे की नाही, हे सभाच ठरविणार. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांच्या परस्पर चर्चेचे नियम सांगताना प्रतिपक्षाबरोबरच परिषदेचीही परीक्षा करावयास सांगितले आहे. परिषद ज्ञानवती आहे की मूढ. आणि त्यातही ती आपल्याविषयी स्नेह बाळगणारी, उदासीन, की आधीच विरोधात गेलेली, असे तिचे भेद आहेत. विरोधात गेलेल्या परिषदेसमोर कोणाशीही वाद करू नये, असा स्पष्ट सल्ला तेथे आहे.

समाजमाध्यमावर वाद घालणाऱ्याला ही परीक्षा करताच येत नाही. आपले लिखाण कोणापुढे जाणार, हे त्याच्या हाती नाही. ज्या यंत्रणेच्या हाती ते आहे, तिला वाद संपण्यात रस नाही. फेसबुकवर ‘लाइक’चे बटण २००९ मध्ये आले, त्याच वर्षी ट्विटरवर पुनःप्रसारणाचे बटण आले आणि तेव्हापासून परिषद गप्प बसून ऐकणारी राहिली नाही, ती सतत मोजली जाऊ लागली. अमेरिकेत शस्त्रनियंत्रण, समलिंगी विवाह आणि हवामानबदल या विषयांवरील पाच लाखांहून अधिक ट्वीटांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. नैतिक भावना व्यक्त करणारा एकेक शब्द वाढला की पुनःप्रसारण सुमारे वीस टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की, हा प्रसार मुख्यत्वे समविचारी गटाच्या आत होतो. पलीकडच्या गटात तो त्या मानाने फारसा पोहोचत नाही. म्हणजे ज्याला उद्देशून शब्द उच्चारला त्याच्यापर्यंत त्याची धार जात नाही, आणि ज्यांना तो ऐकवावयाचा नव्हता ते स्वकीयच टाळ्या वाजवितात.

मराठी वादांच्या भाषेत याची खूण व्याकरणातच दिसते. वाद सुरू होताना प्रतिपक्ष द्वितीय पुरुषात असतो: ‘तुम्ही म्हणता ते’, ‘सर, आपला मुद्दा’. चार-सहा प्रतिक्रियांनंतर तो तृतीय पुरुषी अनेकवचनात जातो: ‘ही जमात’, ‘यांची टोळी’, ‘हे लोक असेच’. समोरचा माणूस अजून तेथेच असतो, पण आता त्याच्याशी बोलणे चाललेले नसते. त्याच्याविषयी इतरांशी बोलणे चाललेले असते. ‘भक्त’ आणि ‘पुरोगामी’ या दोन शब्दांची जी वाताहत गेल्या काही वर्षांत झाली, तीही याच व्यवहारात. सातशे वर्षांच्या संतपरंपरेने घडविलेला एक शब्द आणि शंभरावर वर्षांच्या सुधारणावादाने घडविलेला दुसरा, हे दोन्ही आज मराठीत शिवीसारखे वापरले जातात, आणि ते वापरणाऱ्या दोन्ही गटांना यात आपण आपलेच काही गमावले असे वाटत नाही. आदरार्थी संबोधनांचेही तसेच. ‘ताई’ आणि ‘काका’ हे शब्द मराठीत अनोळखी व्यक्तीला क्षणात आप्त करणारे आहेत. समाजमाध्यमावर ‘ताई, तुम्ही यात पडू नका’ किंवा ‘काका, वयाला शोभेल असे लिहा’ या वाक्यांत तेच शब्द दार लावण्यासाठी येतात.

विरोधी मते कानावर पडत राहिली तर माणूस मवाळ होईल, हा भाबडा आशावादही या संदर्भात तपासून पाहण्याजोगा आहे. अमेरिकेत ट्विटर वापरणाऱ्यांना मोबदला देऊन महिनाभर विरोधी पक्षाच्या विचारांचे संदेश वाचावयास लावणारा एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रिपब्लिकन पक्षाचे समर्थक अधिकच कट्टर झाल्याचे आढळले. तेथील द्विपक्षीय राजकारणाचे निष्कर्ष येथील बहुपक्षीय व जातिबद्ध समाजाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तथापि एवढे मात्र निश्चित की, विरोधी मत ‘दिसणे’ आणि ते स्वतःच्या शब्दांत मांडावे लागणे यांत मोठे अंतर आहे. या प्रयोगातील लोकांना फक्त पाहावयाचे होते. अनुभाषण करावयाचे नव्हते.

किंमत

येथवरचे विवेचन वाचून ‘म्हणूनच तिकडे जाऊ नये’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. त्याआधी या वादांची किंमत कोणाला मोजावी लागली, हे पाहणे आवश्यक ठरते.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघर येथील एका तरुणीने फेसबुकवर काही ओळी लिहिल्या व दुसरीने त्या पसंत केल्या. दोघींना अटक झाली. पुढे ते प्रकरण बंद करण्यात आले. परंतु त्या घटनेने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरले. त्या निकालपत्रात चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी असा भेद केला आहे: पहिल्या दोहोंना, ती कितीही अप्रिय असली तरी, घटनेचे संरक्षण आहे, तिसरीपाशी पोहोचल्यावरच निर्बंधाचा प्रश्न येतो. वादशास्त्राच्या कोणाही अभ्यासकाने हा भेद न्यायसूत्रांच्या शेजारी ठेवून पाहावा. भारतीय भाषांतील समाजमाध्यमीय वादांविषयी विचार करण्यास इतके सुस्पष्ट साधन दुसरे नाही. मात्र न्यायालय फक्त शासनाला आवरू शकते. जून २०१४ मध्ये फेसबुकवरील मानहानिकारक मजकुरावरून पुण्यात तणाव निर्माण झाला असता हडपसर येथे जमावाच्या मारहाणीत एका तरुण संगणक व्यावसायिकाचा मृत्यू झाला. त्या मजकुराशी त्याचा काहीही संबंध नव्हता. २०२३ मध्ये आरोपींची पुराव्याअभावी मुक्तता झाली. प्रतिपक्ष एकदा ‘हे लोक’ झाला की त्यांतील कोणीही एक पुरतो.

वादाला मध्यस्थ हवा म्हणावे, तर तोही येथे नाममात्र आहे. समूहाचा ‘ॲडमिन’ हा पूर्वीच्या सभापतीचा वारस वाटतो. पण दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, समान हेतू सिद्ध झाल्याखेरीज, त्याला जबाबदार धरता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले. सदस्याला घेणे आणि काढणे यापलीकडे त्याच्या हाती काही नाही, हे त्यामागचे कारण. निर्णय योग्यच आहे. सभा भरविणारा आहे, पण सभा चालविणारा नाही, ही वस्तुस्थिती मात्र त्यातून अधोरेखित होते. शासकीय कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराविषयी महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये काढलेल्या सूचनांत शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करण्यास मनाई आहे. लोकहितवादी आज नोकरीत असते तर त्यांच्या पत्रांचे काय झाले असते, हा प्रश्न त्यामुळे केवळ कल्पनाविलासाचा राहत नाही.

मौनाचा अर्थ

वादशास्त्राची महती गाताना एका गोष्टीचा विसर पडू नये. ज्या सभांसाठी हे नियम रचले गेले, त्यांचे दरवाजे बहुसंख्य समाजाला बंद होते. ज्योतीराव फुले यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची रचना संवादरूपात केली, ती कोणत्याही सभेच्या परवानगीने नव्हे. समाजमाध्यमांनी दरवाजाच काढून टाकला आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या केवळ ऐकावे लागले त्यांना बोलण्याची सोय झाली, हे त्यांचे श्रेय नाकारता येत नाही. विरोधी परिषदेसमोर वाद करू नये, हा चरकाचा सल्ला घरी परतू शकणाऱ्यासाठी आहे. ज्याच्या जातीवर, धर्मावर किंवा स्त्रीत्वावर वाद चालला आहे, त्याने समूह सोडला तरी वाद त्याला सोडत नाही. ‘शहाण्याने तिकडे फिरकू नये’ या उपदेशात हे शहाणपण कोणाला परवडते, हा प्रश्न अनुच्चारित राहतो.

या दृष्टीने ताराबाई शिंदे यांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जे लिहिले जाऊ लागले, त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या या स्त्रीने १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक पुण्यात छापून घेतले. प्रतिपक्षातील एकाशीही त्यांचा परिचय असण्याची शक्यता नव्हती. पुस्तकाची रीत पाहण्यासारखी आहे: पुरुषांनी स्त्रियांवर लावलेला एकेक दोष ताराबाई आधी मांडतात आणि मग तो पुरुषांच्या ठायी कसा दिसतो हे दाखवितात. वरवर पाहता ही मतानुज्ञाच वाटेल. परंतु दोष आपल्यात आहे आणि तुमच्यातही, असे त्यांचे म्हणणे नाही; ज्या मापाने मोजता ते माप एकच ठेवा, असे आहे. प्रतिपक्षाचे अनुभाषण इतक्या चिकाटीने करणारे पुस्तक त्या काळच्या मराठीत विरळा.

पुस्तकावर झालेली टीका झोंबणारी होती. फुले यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाल्याचे आढळत नाही. निग्रहस्थानांच्या यादीत ‘अप्रतिभा’ म्हणून एक स्थान आहे: उत्तर न सुचणे, गप्प राहणे, म्हणजे पराभव. समाजमाध्यमावर एखादी स्त्री शेकडो अनोळखी पुरुषांच्या प्रतिक्रियांनंतर आपले खाते बंद करते, तेव्हा ‘पळाली’ असे लिहिणारे नकळत याच नियमाचा आधार घेत असतात. ताराबाईंच्या मौनाला तो नियम लावता येत नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुन्हा प्रकाशात आणले, तेव्हा त्यातील प्रश्न ब्याण्णव वर्षांहून अधिक काळ अनुत्तरित पडून होते. ज्यांना उद्देशून ते विचारले होते, त्यांच्यापैकी कोणीही त्यांचे अनुभाषण केलेले नव्हते.